बहिरंभटाचा प्रश्न : धर्मांतराच्या आणि उत्पत्तीच्या मध्ययुगीन कथांचे आद्य-आधुनिक वाचन

१

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकाशी १८५७ ची एक आठवण निगडित आहे. त्या वर्षी जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने आज्ञाभंग केला आणि त्यानंतर पकडलेल्या सैनिकांना देहदंड देण्यात आला. हा दंड जेथे दिला गेला तो ‘काळा चबुतरा’ याच परिसरातील, असे शहराची स्मृती सांगते. ज्यांनी दंड दिला त्यांच्या कागदपत्रांत ही घटना शिस्तभंगाची होती. पुढच्या पिढ्यांनी तिला प्रथम ‘बंड’ म्हटले, मग ‘स्वातंत्र्यसमर’, आणि अखेर ‘क्रांती’. घटना एकच राहिली. बदलले ते तिचे वाचन, आणि वाचनाबरोबर तिचे नाव.

या चौकातून निघणाऱ्या माणसाला काही तासांच्या आत ज्या स्थळांपर्यंत जाता येते, त्या स्थळांच्या कथांनाही हाच न्याय लागू पडतो. दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण, वायव्येस पंधराएक किलोमीटरवर देवगिरी-दौलताबाद, त्यापलीकडे खुलदाबाद, आणि शहरातच पाणचक्कीचा दर्गा. मराठी आणि फारसी-अरबी या दोन्ही वाङ्मयपरंपरांत या चार स्थळांभोवती धर्मांतराच्या आणि उत्पत्तीच्या असंख्य कथा गुंफल्या गेल्या आहेत. कोण कोणत्या कारणाने कोणत्या धर्मात गेला, कोणते कुल कोणापासून निघाले, हा देश मुळात कोणाचा, हे या कथांचे विषय. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांच्याकडे प्रामुख्याने पुरावा म्हणून पाहिले गेले. कोणी त्यांतून जुलमाचा पुरावा काढला, कोणी समन्वयाचा. या दोन्ही वाचनांचे गृहीतक मात्र एकच आहे : धर्मांतर म्हणजे एका निश्चित सीमारेषेचे उल्लंघन, आणि कथा म्हणजे त्या उल्लंघनाची नोंद.

हे गृहीतक मध्ययुगीन नाही. ते आद्य-आधुनिक काळाचेही नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतील वाचकांनी या कथा कशा वाचल्या, हे पाहिले म्हणजे त्याचे अर्वाचीनत्व स्पष्ट होते. या दृष्टीने एक योगायोग अर्थपूर्ण आहे. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, राहुरीजवळच्या ताहराबादेत महिपतींनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच, हिजरी ११७७ मध्ये (१७६३-६४), औरंगाबादेत मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी ‘सुब्हतुल मर्जान’ हा आपला अरबी ग्रंथ सिद्ध केला. या दोघांची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही आणि भाषांचा विचार करता ती संभवतही नाही. पण दोघेही एकाच प्रदेशात, एकाच दशकात, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या कथा हाती घेऊन बसले होते. पानिपतची जखम ताजी होती. १७६३ साली राक्षसभुवनची लढाई झाली आणि त्याच वर्षी निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली. अशा काळात जुन्या कथा नव्याने सांगणे हे निव्वळ स्मरणरंजन असू शकत नाही.

२

‘भक्तविजया’तील बहिरंभटाची कथा पैठणात घडते. बहिरंभट हा विद्वान ब्राह्मण, पदरी शिष्य असलेला. एके दिवशी जेवताना मिठाच्या उणिवेवरून तो चिडतो आणि पत्नी त्याला बोल लावते : वय सरत आले तरी जिभेची ओढ सुटली नाही. हा बोल त्याच्या जिव्हारी लागतो. त्याला विरक्ती येते आणि तो घर सोडतो. पण आप्तेष्ट आपल्याला समजावून परत नेतील, ही भीती त्याला आहे. म्हणून तो काजीकडे जातो आणि मुसलमान होतो. पुढे त्याला पश्चात्ताप होतो. ब्राह्मण त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घेतात. येथे कथा संपावयास हवी होती, पण खरी सुरुवात येथेच होते. बहिरंभट विचारू लागतो : मुसलमान झालो तेव्हा टोचलेले कान बुजले नाहीत, ब्राह्मण झालो तेव्हा सुंता पुसली गेली नाही, तर मग मी कोण? हाच प्रश्न तो दोन्ही समाजांना विचारीत हिंडतो आणि दोघेही त्याला वेडा ठरवितात. अखेर तो नागनाथांपाशी येतो. नागनाथ त्याच्यावर प्रहार करून त्याचा जुना देह नाहीसा करतात आणि आपल्या कृपादृष्टीने त्याला नवा देह देतात.

या कथेतील धर्मांतराचे कारण नीट पाहिले पाहिजे. रिचर्ड ईटन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंगालविषयक ग्रंथात भारतातील इस्लामच्या प्रसाराची प्रचलित स्पष्टीकरणे चार वर्गांत मांडली : बाहेरून आलेल्यांची वस्ती, तलवार, राजाश्रयाचा लाभ आणि जातिव्यवस्थेतून मुक्ती. बहिरंभट यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. त्याच्यावर सक्ती झालेली नाही, त्याला वतन मिळालेले नाही, तो उच्चवर्णीय असल्याने जातिमुक्तीचाही प्रश्न नाही. तत्त्वज्ञान पटले म्हणून तो गेला, असेही महिपती म्हणत नाहीत. त्याला हवे आहे ते एक दार, जे एकदा लागले की घरच्यांना बाहेरून उघडता येणार नाही. म्हणजे त्याच्यापुरते धर्मांतर हे संन्यासाचे काम करते.

मग त्याने संन्यासच का घेतला नाही? या प्रश्नाचे उत्तर ‘भक्तविजया’च्या श्रोत्याजवळ आधीच होते. कारण याच ग्रंथात त्याने विठ्ठलपंतांची कथा ऐकलेली असते. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला, पण गुरूच्याच आज्ञेने त्यांना परत यावे लागले आणि ते पुन्हा गृहस्थाश्रमी झाले. संन्यास हे न उलटणारे पाऊल नाही, हे त्या कथेने दाखवून दिले होते. त्याचबरोबर परतीची किंमतही दाखविली होती. धर्मसभेने विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्यांच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणास यावे लागले. या पार्श्वभूमीवर बहिरंभटाची निवड विक्षिप्त वाटत नाही. संन्यासापेक्षा पक्का असा मार्ग तो शोधत होता.

आणि येथेच कथेतील उपरोध उलगडतो. संन्यासातून गृहस्थाश्रमात आलेल्याला ज्या शास्त्राने क्षमा केली नाही, ते शास्त्र इस्लाममधून परतलेल्याला प्रायश्चित्त देऊन सामावून घेते. स्वधर्मातील आश्रम मोडणे हा परधर्मात जाण्याहून मोठा अपराध ठरतो. महिपती हा उपरोध शब्दांत मांडीत नाहीत. दोन कथा एकाच ग्रंथात ठेवून ते थांबतात. परंतु कीर्तनातून आणि पोथीच्या वाचनातून या दोन्ही कथा ऐकणाऱ्या श्रोत्याला पैठण हे नाव दोनदा ऐकू येत होते, आणि दोन्ही वेळा तेथल्या विद्वत्सभेचा अधिकार अपुरा पडताना दिसत होता.

३

बहिरंभटाचा प्रश्न हा खुणांचा प्रश्न आहे. टोचलेले कान आणि सुंता या दोन्ही खुणा शरीरावर कोरलेल्या. संस्कार नवी खूण उमटवू शकतो, जुनी पुसू शकत नाही. म्हणून प्रत्येक धर्मांतर हे खुणांमध्ये भर घालते. वजाबाकी होत नाही. धर्मशास्त्र आणि शरीयत या दोन्ही व्यवस्था मात्र वजाबाकी झाली असे मानूनच चालतात. बहिरंभटाचे वेड म्हणजे या दोन व्यवस्थांनी मान्य केलेला संकेत न पाळणे. तो शरीराला साक्षीदार म्हणून उभा करतो, आणि तो साक्षीदार दोन्ही पक्षांच्या विरुद्ध जातो.

असा प्रश्न मराठीत प्रथमच विचारला गेला असे नाही. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात दोन्ही पक्ष एकमेकांच्या आचारांतील विसंगती दाखवीत राहतात आणि शेवटी सलोख्याला येतात. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. चांद बोधले यांना गुरू मानणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा. म्हणजे महिपतींच्या हाती कथा आली तेव्हा या प्रदेशात या प्रश्नाला दीड-दोनशे वर्षांचा वाङ्मयीन इतिहास होता. व्यवहारातही तो अपरिचित नव्हता. १६६७ मध्ये मोगलांकडे महंमद कुली खान झालेले नेताजी पालकर १६७६ मध्ये परतले आणि त्यांना पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले.

मात्र एकनाथांचा संवाद आणि महिपतींची कथा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. संवादात दोन व्यक्ती आहेत. म्हणून सलोखा शक्य होतो. बहिरंभटात दोन पक्ष एकाच देहात आहेत. तेथे सलोख्याला जागा उरत नाही, कारण तडजोड करणारा दुसरा कोणी नाही. म्हणून कथेचा शेवट संवादात होत नाही, मृत्यूत होतो. नागनाथ प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. ज्या देहावर खुणा आहेत तो देहच ते काढून टाकतात. कथेच्या तर्काप्रमाणे जुन्या देहाबरोबर दोन्ही खुणाही गेल्या पाहिजेत.

या शेवटाचे वाचन सावधपणे करावयास हवे. त्यात ‘हिंदू-मुस्लिम ऐक्य’ पाहणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. नागनाथ बहिरंभटाला दोन्ही धर्मांचा करीत नाहीत. ते त्याला संप्रदायाचा करतात. महिपतींच्या दृष्टीने प्रश्नाचा निकाल गुरुकृपेने लागतो, आणि गुरुकृपेचा महिमा वाढविणे हाच या प्रसंगाचा हेतू आहे. ‘भैरवी’ या भागवताच्या दशमस्कंधावरील टीकेचा कर्ता बहिरा जातवेद तो हाच, असे परंपरा मानते. तेव्हा ही कथा एका अर्थाने ग्रंथकाराच्या जन्माचीही कथा आहे : जुन्या पांडित्याचा देह गेल्यावाचून टीकाकार जन्मत नाही. जेथे शुद्धिवादी वाचकाला परत आलेला ब्राह्मण दिसेल आणि समन्वयवादी वाचकाला धर्मातीत मानव, तेथे महिपतींना शिष्य दिसतो.

महिपती स्वतःला या कथांचे कर्ते म्हणवीत नाहीत. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे आपण लिहितो, असे ते सांगतात. म्हणजे त्यांची भूमिका वाचकाची आहे. आधीच्या चरित्रकारांचे वाचन करून श्रोत्यांपुढे ठेवणारा हा वाचक जुन्या कथेत कोठे थांबतो आणि कोठे पुढे जातो, यावरून त्याच्या काळाची चिंता ओळखता येते. बहिरंभटाच्या कथेत ते प्रायश्चित्तापाशी थांबत नाहीत, हीच त्यांच्या वाचनाची खूण.

४

आझाद बिलग्रामी यांचा जन्म १७०४ मध्ये अवधातील बिलग्रामचा. हजची यात्रा करून परतल्यावर ते दक्षिणेत आले, औरंगाबादेत पाणचक्कीच्या दर्ग्यात काही वर्षे राहिले आणि १७८६ मध्ये वारल्यावर खुलदाबादेत अमीर हसन सिजझी यांच्या कबरीजवळ त्यांना दफन करण्यात आले. खुलदाबादच्या सूफींची चरित्रे सांगणारा ‘रौजतुल औलिया’ हा फारसी ग्रंथ त्यांचाच. महिपती संतांसाठी जे करीत होते, तेच आझाद सूफींसाठी करीत होते.

परंतु त्यांचे धाडस दिसते ते ‘सुब्हतुल मर्जान’मध्ये. या ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्यात कुराणाच्या भाष्यांत आणि हदीसांत आलेले हिंदुस्थानचे उल्लेख, दुसऱ्यात हिंदुस्थानातील आलिमांची चरित्रे, तिसऱ्यात अलंकारविचार आणि चौथ्यात नायिकाभेद व शृंगार. पहिल्या भागाचा गाभा एक उत्पत्तिकथा आहे. स्वर्गातून उतरलेला आदम प्रथम सरनदीपवर, म्हणजे लंकेच्या पर्वतावर, आला, ही कथा अरबी परंपरेत जुनी होती. अमीर खुस्रोंनीही १३१८ मधील ‘नुह सिपिहर’ या काव्यात हिंदुस्थानच्या श्रेष्ठत्वाच्या कारणांत तिचा उपयोग केला होता. आझाद सरनदीपला हिंदुस्थानात धरतात आणि या कथेतून निष्कर्षांची मालिकाच उभी करतात. पहिला पैगंबर येथे उतरला, म्हणून पहिला ईश्वरी संदेश येथे आला. महंमद पैगंबरांचे तेज आदमच्या ठायी होते, म्हणून त्या तेजाचा पहिला प्रकाशही येथेच पडला.

या मांडणीचा अर्थ धर्मांतराच्या कथांच्या संदर्भात लक्षणीय ठरतो. इस्लाम बाहेरून आला, हे गृहीत धरल्यावरच ‘तो कसा पसरला’ हा प्रश्न उद्भवतो. आझाद हे गृहीतच काढून घेतात. त्यांच्या कथेत इस्लामला येथे यावे लागत नाही. तो येथूनच निघालेला असतो आणि परत येतो. उत्पत्तिकथा येथे धर्मांतरकथेची गरज नाहीशी करते.

आणखी एक गोष्ट साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उत्पत्तिकथा सांगणारा हा लेखक त्याच ग्रंथात पुढे भारतीय अलंकारांची अरबीला ओळख करून देतो आणि नायिकांचे प्रकार अरबी उदाहरणांनी समजावतो. पहिला भाग आणि शेवटचे दोन भाग यांचा संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. संबंध असा की ज्या भूमीवर पहिला मनुष्य उतरला, त्या भूमीचे काव्यशास्त्र अरबी काव्यशास्त्राच्या शेजारी बसविता येते. पहिल्या भागाने मिळविलेला मान तिसऱ्या-चौथ्या भागात खर्च केला जातो. तौलनिक काव्यशास्त्राचा हा प्रयत्न एका मिथकाच्या आधाराने उभा आहे, ही बाब मराठी समीक्षेने जवळजवळ लक्षात घेतलेली नाही; तो ग्रंथ याच शहराशी निगडित असूनही.

मात्र येथेही सावधगिरी हवी. आझाद संस्कृत परंपरेला मान देतात तो इस्लामी विश्वरचनेच्या आत. हिंदूंची स्वतःची उत्पत्तिकथा ते स्वीकारीत नाहीत. महिपतींनी बहिरंभटाला संप्रदायात घेतले, तसे आझाद हिंदुस्थानला आदमच्या वंशात घेतात. दोघांचाही समावेश हा आपल्या घरात बोलावणारा आहे. दुसऱ्याच्या घरी जाणारा नाही.

५

आद्य-आधुनिक वाचक भाबडा होता, कथा ऐकली की मानणारा होता, हा समज टिकणारा नाही. फिरिश्ता हे त्याचे उत्तम उदाहरण. अहमदनगर आणि नंतर विजापूरच्या दरबारात असलेल्या या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपला इतिहास लिहिला. १३४७ मध्ये दौलताबादेस गादीवर बसलेल्या अलाउद्दीन हसन बहमनशहाविषयी तो एक कथा देतो : हसन हा गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या शेतावर राबत होता, नांगरताना त्याला धन सापडले, ते त्याने प्रामाणिकपणे मालकाच्या हवाली केले, आणि ब्राह्मणाने त्याचे भविष्य वर्तविले. त्याच्या कृतज्ञतेतून ‘बहमनी’ हे नाव आले. दुसरीकडे बहमनी राजे स्वतःला इराणच्या बहमन राजाचे वंशज म्हणवीत. फिरिश्ता ही वंशावळ संशयाने पाहतो; राज्य मिळाल्यावर खुशामत्यांनी ती रचली, असे त्याला वाटते.

हसनच्या राज्यारोहणानंतर अवघ्या तीन वर्षांत, १३५० मध्ये, इसामीने ‘फुतूहुस्सलातीन’ हे महाकाव्य लिहिले. इसामी १३२७ च्या राजधानी-स्थलांतरात दौलताबादेस आलेला आणि नव्या राजाचा आश्रित. त्याच्या काव्यात गंगू नाही. म्हणजे फिरिश्ता एका वंशकथेवर अविश्वास दाखवितो आणि तिच्या जागी तिच्याहून उशिराची लोककथा ठेवतो. आजचे इतिहासकार फिरिश्त्याची कथा नाकारतात. ते योग्यही आहे, परंतु त्यामुळे एक प्रश्न अनुत्तरित राहतो : विजापुरात बसलेल्या फारसी इतिहासकाराला इराणी राजापेक्षा दक्खनी ब्राह्मण अधिक विश्वसनीय का वाटला? दोन-अडीच शतकांत दक्षिणेतील सत्ता ब्राह्मण कारकुनांवर आणि देशमुखांवर चालू लागली होती. राज्याचा उगम शेतात आणि हिशेबात आहे, ही कल्पना त्या काळाच्या अनुभवाला जुळणारी होती. फिरिश्ता कथेची निवड करतो आहे, आणि निवडीचा निकष त्याचा वर्तमानकाळ आहे.

हाच फिरिश्ता प्रस्तावनेत आणखी एक उत्पत्तिकथा देतो. नूहचा पुत्र हाम, हामचा पुत्र हिंद, हिंदचा पुत्र दखन, आणि दखनचे तीन पुत्र : मऱ्हट, कन्हर आणि तिलंग. महाभारतातील कालगणना त्याला ठाऊक आहे. तिचा सारांश देऊन तो ती अमान्य करतो. पण भाषांचा भूगोल मात्र तो स्थानिक अनुभवावरूनच घेतो. मराठी, कानडी आणि तेलुगू ही तीन भावंडे त्याला विजापूरच्या बाजारात भेटलेली आहेत. बायबल-कुराणाच्या वंशवृक्षाला दक्खनच्या भाषांची फांदी फुटते ती अशी.

दक्षिणेतच मलबारातील शेख झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘तुहफतुल मुजाहिदीन’ लिहिले. चेरमान पेरुमाळ राजाने इस्लाम स्वीकारल्याची कथा तेथे सर्वमुखी होती आणि लोक ती पैगंबरांच्या काळात नेऊन बसवीत. झैनुद्दीन कथा सांगतात, पण हा काळ मानीत नाहीत. घटना हिजरीच्या दुसऱ्या शतकानंतरची असावी असे ते म्हणतात. पोर्तुगीजांविरुद्ध मुसलमानांना उभे करण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात, जेथे प्राचीनतेचा दावा उपयोगी पडला असता, तेथेही हा वाचक कालनिर्णयाबाबत सवलत घेत नाही.

६

मग धर्मांतराची कथा ‘पुरावा’ केव्हा झाली? खुलदाबादचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील चिश्ती सूफींची संभाषणे त्यांच्या शिष्यांनी चौदाव्या शतकातच लिहून ठेवली. बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले. त्यांच्या संभाषणांचे अनेक संग्रह उपलब्ध आहेत. कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा अभ्यास करून दाखविले की या समकालीन साहित्यात धर्मप्रसाराचा विचार जवळजवळ आढळत नाही. शिष्यांचे शिक्षण, नमाज, उपवास, संगीतसभा, दान हे तेथील विषय. अमीर हसन सिजझी यांनी दिल्लीत निजामुद्दीन औलियांची संभाषणे ‘फवाइदुल फुआद’मध्ये नोंदविली आहेत. त्यांत एक शिष्य आपल्या हिंदू भावाला घेऊन येतो, तेव्हा शेख डोळ्यांत पाणी आणून म्हणतात की कोणाच्या सांगण्याने या लोकांचे मन पालटत नाही. सज्जनाचा सहवास घडला तर त्याच्या पुण्याईने कदाचित घडेल. हा ग्रंथ लिहिणारे अमीर हसन खुलदाबादेतच चिरविश्रांती घेत आहेत.

पुढील शतकांत मात्र सूफींच्या कथांत पराक्रम आणि चमत्कार वाढत गेले. मुंतजिबुद्दीन जर्जरी जरबख्श यांच्या भोवती शेकडो अवलियांच्या पालख्या, राजकन्या, विहिरी यांच्या आख्यायिका जमल्या. या आख्यायिका दर्ग्याचा महिमा सांगण्यासाठी होत्या. १८८४ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या अशा गॅझेटिअरांनी त्या आख्यायिकांना जिल्ह्याच्या माहितीत जागा दिली. टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांनी १८९६ मध्ये इस्लामच्या शांततामय प्रसाराचा इतिहास लिहिला, तेव्हा दक्षिणेतील सूफींसाठी त्यांनी गॅझेटिअरांचाच आधार घेतला. अर्नोल्ड यांचा हेतू तलवारीचा सिद्धान्त खोडण्याचा होता आणि तो सद्‌हेतू होता. पण तलवार खोडण्यासाठी त्यांना धर्मोपदेशक हवा होता. म्हणून दर्ग्याचा अवलिया मिशनरी झाला. त्यांच्या विरोधकांनी तोच मिशनरी उचलला आणि त्याच्या हाती तलवार दिली. चौदाव्या शतकातील सूफी या दोघांच्याही हाती लागला नाही.

या बदलामागे केवळ अभ्यासकांची दृष्टी नव्हती. १८५० च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात धर्म बदलणाऱ्याच्या वारसाहक्काला संरक्षण दिले आणि धर्मांतर हा न्यायालयात सिद्ध करावयाचा प्रसंग झाला. हैदराबाद संस्थानात १८८१ मध्ये पहिली जनगणना झाली. प्रत्येक माणसाला धर्माच्या रकान्यात एकच शब्द लिहून देणे भाग पडले. बहिरंभटाच्या प्रश्नाला आता उत्तर मिळाले होते, पण ते नागनाथांनी दिलेले नव्हते. जनगणनेच्या कारकुनाला टोचलेले कान आणि सुंता दोन्ही एकाच वेळी नोंदविता येत नव्हते. परंपरा सांगते की महिपतींनी कुळकर्णाचे काम सोडले आणि ती लेखणी पुन्हा दप्तरासाठी उचलणार नाही असा निश्चय केला. त्यांनी संतचरित्रांत जपलेला प्रश्न शतकभराने दप्तरातच निकालात निघाला.

७

अठराव्या शतकाचे वाचन आजच्यापेक्षा अधिक उदार होते, असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे पुन्हा एकदा कथेला पुरावा करणे होईल. महिपती आणि आझाद दोघेही आपापल्या परंपरेचे निष्ठावंत होते. त्यांचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. त्यांच्या दृष्टीने कथेचे काम एखादा दावा सिद्ध करणे हे नव्हते. माणसाला कोणाच्या तरी संगतीत पोचविणे हे होते. म्हणून महिपतींना बहिरंभटाचा प्रश्न पूर्ण धारेने मांडता आला. कथेवर पुराव्याचा भार असता, तर तो प्रश्न त्यांनी प्रायश्चित्तापाशीच मिटविला असता.

या शहराने विसाव्या शतकात एका धर्मांतरकथेचे आणखी एक वाचन पाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील ग्रीक राजा प्रश्न विचारतो, उत्तरांनी निरुत्तर होतो आणि ते मान्य करतो. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून १९५६ च्या दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे धर्मांतराचा विचार करणाऱ्या नेत्याने महाविद्यालयासाठी ही कथा निवडावी, याला अर्थ आहे. बहिरंभटाच्या कथेत प्रश्न विचारणारा वेडा ठरतो. मिलिंदाच्या कथेत प्रश्न विचारणे हीच पात्रता ठरते. ज्यांच्या देहावर जन्मानेच न पुसणारी खूण लादली गेली होती, त्यांच्या बाजूने वाचल्यावर धर्मांतरकथेचा केंद्रबिंदू गुरुकृपेवरून विद्यार्थ्याच्या बुद्धीकडे सरकतो. येथे देह नाहीसा करण्याची गरज उरत नाही. खूण ज्याने लावली त्या व्यवस्थेलाच उत्तर द्यावे लागते.

पैठणची विद्वत्सभा, नागनाथांचा मठ, पाणचक्कीचा दर्गा, जनगणनेचे दप्तर आणि नागसेनवन यांनी धर्मांतराच्या कथा वेगवेगळ्या गरजांनी वाचल्या. या वाचनांचा इतिहास बाजूला ठेवून कथेतून थेट ‘काय घडले’ हे काढू पाहणारा अभ्यासक नकळत दप्तराच्याच पंक्तीस बसतो. क्रांती चौकाच्या आसपास आजही नावांचे, वंशांचे आणि मूळ मालकीचे वाद होत असतात आणि त्यांत या कथा साक्षीला बोलाविल्या जातात. समीक्षेला त्या वादांचा निकाल लावता येणार नाही. साक्षीदार कोणाच्या घरी, कोणत्या शतकात, कोणाच्या पढवण्यावरून बोलायला शिकला, एवढे मात्र तिला दाखविता येते, आणि ते दाखविण्याचे काम मराठीत अजून बरेच व्हावयाचे आहे.